आठ जीबीत नानांचा नाच

राजदीपचं लग्न पारोळ्याला झालं आणि आठ तासांचं शूटिंग नव्वद जीबी होऊन पिंप्राळ्याच्या घरी आलं. ते धुळ्याच्या भागाबाई काकूंना टीव्हीवर बघायचं होतं. पण काकूंचा टीव्ही मानी. आठ जीबीच्या एका जुन्या पेन ड्राइव्हशिवाय तो कुणाला ओळखच देत नसे.

काम राजदीपच्या बहिणीकडे, संघमित्राकडे आलं. तिने फिजिक्समध्ये एमएस्सी केलेलं, त्यामुळे घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू तिच्याच विषयात मोडायची. शूटिंगच्या चौऱ्याऐंशी फायली एकदम लहान करायला लावण्याआधी तिने निरनिराळ्या प्रसंगांचं एकेक मिनिट करून पाहिलं. बुद्धवंदनेच्या वेळी सगळे स्तब्ध. ती फाइल चिमूटभर जागेत मावली आणि साड्यांचे काठही स्पष्ट दिसले. वरातीत मात्र चाळीस माणसं चाळीस दिशांना हलत होती. ती फाइल जागा खातच सुटली. दर्जा सगळीकडे सारखा ठेवला तर आठ जीबीत कसंबसं बसत होतं. ती बटण दाबणार, तोच फोन वाजला. मोतीलालनाना. काकूंचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक, वरातीत नाचण्याविरुद्ध तीस वर्षं भाषणं दिलेला माणूस.

"बेटा, वरातीत मी दिसतो का?"

"दिसता की. बरोबर मध्यभागी."

"जरा धूसर कर. तुझ्या काकूला सांगितलंय, मी गाडी लावायला गेलो होतो."

"अकरा मिनिटं?"

"पारोळ्यात जागा मिळत नाही गं!"

फोन ठेवते न ठेवते तोच काकूंचा आला. "पोरी, त्यामा नाचाना व्हिडिओ शे ना? माले बठ्ठं साफ दिसाले पाहिजे. बाया काय काय सांगी राह्यन्यात!" काकूंना सगळं स्वच्छ बघायचं होतं.

एकच फाइल मुद्दाम बिघडवणं संघमित्राला पटेना. आणि नानांना उघडं पाडणंही जिवावर आलं. मग तिने नियमच बदलला: सारखा दर्जा नाही, सारखी जागा. प्रत्येक मिनिटाला सोळा एमबी, मग तो प्रसंग कुठलाही असो. पक्षपात नाही. वंदना झळाळली. वरातीच्या वाट्याला तेवढ्या जागेत चित्राऐवजी धूसर चौकोनच आले, आणि नानांचा चेहरा त्यांत वाहून गेला.

रविवारी राजदीप पेन ड्राइव्ह धुळ्याला देऊन आला. संध्याकाळी नाना दबक्या आवाजात फोनवर.

"काकूंनी ओळखलं?"

"ओळखलं नाही, हेच तर! गल्लीतल्या सगळ्या बाया बसल्यात. 'कोण हा, काय पाय पडतोय त्याचा!' तीनदा मागे घेऊन बघितलं. आता ठरलंय, तो नवरीचा मामा. प्रेमराज!"

"मग सुटलात ना?"

"सुटलो काय! तो प्रेमराज उभा राहिला तरी ताल चुकतो. तू ती फाइल चांगली करून पाठव."

"काकू रागावतील."

"रागावू दे. प्रेमराजचं कौतुक तर थांबेल!"

"पण नाना, नीट दिसायला नऊशे एमबी लागतात. पेन ड्राइव्हमध्ये जागा नाही. काहीतरी काढावं लागेल."

पलीकडे नानांच्या मागून बायकांच्या टाळ्या ऐकू आल्या.

"माझं ते साध्या लग्नाच्या महत्त्वावरचं भाषण किती मिनिटांचं आहे?"

"पन्नास."

"काढ."

संघमित्राने कागदावर मांडलं. भाषणाचे आठशे जातात, नाचाचे सव्वासातशे वाढतात.

"बसतं, नाना," ती म्हणाली.