पुढचं एक्स्चेंज

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पाणीपुरवठा कार्यालयाचे सहायक इंजिनियर प्रभंजन गलगली हुबळीच्या केशवापुरात लीला नाडगीर यांच्या फाटकाशी थांबले आणि ‘नळ आला’ ही वेबसाइट कोण चालवतं, असं त्यांनी लीलाबाईंनाच विचारलं.

लीलाबाईंच्या हातात मेथीची जुडी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

“आत या. चहा घ्या. उन्हात उभं राहून काय विचारताय?”

हे गलगलींचं चौथं दार होतं. गिरणीवाला प्रशांत म्हणाला होता, “गोत्तिल्ला सर, ठाऊक नाही. मेडिकलमध्ये विचारा की.” मेडिकलवाल्या रूपालीने निवृत्त गोविंदमास्तरांकडे पाठवलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “नळ तुम्ही सोडता. तुमच्याच ऑफिसात विचारा.”

“कॉम्प्युटरवाल्याकडून नाही कळलं?” लीलाबाईंनी बशी पुढे केली.

“तो म्हणतोय, सिंगापूरहून चालते. त्याच्या मागं कोण, दिसत नाही. केशवापूरच्या नळाची काळजी सिंगापूरला कशाला हो, अक्का?”

“चांगली माणसं सगळीकडे असतात.”

गलगली हसले. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात त्या वेळी संतोष होता.

संतोष हा त्या भागाचा वॉल्व्हमन. मोटारसायकलला लांब लोखंडी चावी बांधून तो फिरायचा, झाकण उचलायचा, चावी फिरवायचा, की त्या क्रॉसमध्ये, म्हणजे आडव्या गल्लीत, नळ यायचा. पाच-सहा दिवसांनी एकदा, आणि कधी ते कोणालाच ठाऊक नसायचं. समोरच्या घरातली राधा कोप्पीकर रोडवरच्या दुकानात ब्लाउज शिवायची. नळाची वाट पाहत तिचे महिन्याला चार खाडे पडायचे. संतोषला वेळ आदल्या दिवशीच कळायची. पण ती बाहेर सांगायची नाही, अशी ताकीद होती. वेळ चुकली की लोक भांडायला येतात, म्हणून. तो कंत्राटावर होता. नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात.

तरी राधाकडे पाहून त्याने लीलाबाईंना सांगायला सुरुवात केली. फोन करायचा नाही. फाटकाशी थांबून पाणी मागायचा. पाणी सोडणारा माणूस रोज पाणी मागतो, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

वेबसाइट लीलाबाईंच्या भाचीने, सायलीने, धारवाडहून येऊन करून दिली. कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम हीच तिची नोकरी.

“मावशी, नीट ऐक. तू इथून लिहिलेलं थेट जाणार नाही. मधे तीन प्रॉक्सी आहेत. प्रॉक्सी म्हणजे...”

“ठाऊक आहे. कॉलेजात मी नसले की शांता ‘येस सर’ म्हणायची.”

“तेच. तुझ्याऐवजी फिनलंडचा सर्व्हर बोलणार. त्याच्याऐवजी ब्राझीलचा. त्याच्याऐवजी सिंगापूरचा. प्रत्येकाला फक्त आधीचा आणि पुढचा माहीत. अख्खा रस्ता कुणालाच नाही.”

लीलाबाई मोठ्याने हसल्या. टेलिफोन खात्यात त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली होती. त्यातली पहिली अठरा हुबळीच्या ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडत.

“अगं, हे तर हुबळी-बेळगाव-पुणे-मुंबई! मुंबईला एवढंच कळायचं, की पुणं मागतंय. कोण मागतंय, ते पुण्यालाही ठाऊक नसायचं. मी वीस वर्षांची असताना करत होते हे, आणि तुला त्याचा पगार मिळतो?”

तेव्हापासून त्या रोज कानाला हेडफोन लावून बसायच्या. त्यात काहीच वाजत नसायचं. हेडफोनशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आठ महिन्यांत बाराशे घरं ‘नळ आला’ वाचू लागली. राधाचा एकही खाडा पडला नाही.

गलगलींनी कप खाली ठेवला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. वेबसाइटवरचा कालचा मजकूर त्यांनी वाचला.

“‘केशवापूर, पहिला क्रॉस. उद्या सकाळी साडेसहा ते आठ. तीन मिनिटं झाली. ठेवते.’” त्यांनी वर पाहिलं. “रोज शेवटी हेच. तीन मिनिटं कसली, अक्का?”

लीलाबाईंना आपलाच आवाज ऐकू आला. तीन मिनिटांचा ट्रंक कॉल संपला की अठरा वर्षं प्रत्येक वेळी म्हटलेलं वाक्य. फिनलंडने, ब्राझीलने आणि सिंगापूरने ते जसंच्या तसं पुढे पोचवलं होतं.

“ट्रंक कॉलची असतील,” त्या म्हणाल्या. “आमच्या बोर्डावर चाळीसजणी होतो. सगळ्याच म्हणायच्या.”

“त्यातल्या इथं किती राहतात?”

“यादी पेन्शनवाल्यांकडे मिळेल. तिथं विचारा.”

गलगलींनी कागदाची घडी घातली. “इकडं आलो की सगळे पुढंच पाठवतात,” एवढंच म्हणून ते गेले.

संध्याकाळी सायली आली. राधाही दुकानातून थेट आली, आणि तिच्या मागून प्रशांत, अंगावर पीठ तसंच.

“सायली, आजपासून ते वाक्य बंद,” लीलाबाई हळूच म्हणाल्या.

“अजिबात नाही. गलगली येऊन गेले त्याच दिवशी बंद केलंस, तर तूच आहेस हे लिहून दिल्यासारखं होईल.”

“मग चालू ठेवू? संतोष जाईल की गं!”

“एक विचारू?” राधा म्हणाली. “हे गुपित आहे, असं तुम्हाला वाटत होतं?”

“म्हणजे?” लीलाबाईंनी विचारलं.

“पहिल्या दिवशीच कळलं, अक्का. तुम्ही दारात बोलतानासुद्धा तीन मिनिटं झाली की ‘ठेवते’ म्हणून आत जाता.”

“माझ्या आईनं ओळखलं,” प्रशांत म्हणाला. “तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, ही आपली टेलिफोनवाली लीला.”

“आणि आठ महिने कुणी बोलला नाहीत?”

“तुम्ही नाव घातलं नव्हतं. आम्ही कशाला घालू?”

सायली मात्र वेगळाच विचार करत होती. “एकटीच म्हणते म्हणून सापडते. सगळेच म्हणायला लागले तर?”

बुधवारी सकाळी गिरणीच्या फळीवर खडूने लिहिलं होतं: ‘ज्वारी दहानंतर. तीन मिनिटं झाली. ठेवते.’ मेडिकलच्या प्रत्येक बिलावर रूपालीने तेच लिहून दिलं. गोविंदमास्तरांनी सकाळच्या ग्रुपवर सुविचार टाकून खाली ती ओळ जोडली. स्टँडवरचे ऑटोवाले प्रवासी उतरला की ओरडू लागले, “तीन मिनिटं झाली, ठेवते!”

“अहो, तुम्ही ठेवते?” राधा प्रशांतला म्हणाली. “मिशा काढा आधी.”

“सगळ्यांचं एकसारखं पाहिजे, सायलीनं सांगितलंय. एकानं ठेवतो म्हटलं की सापडला.”

लीलाबाई त्या दिवशी उगाचच दोनदा गिरणीपर्यंत जाऊन आल्या. फळी वाचायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. संतोष फाटकाशी थांबला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, “ऑफिसात मला कुणी काही विचारलं नाही, अक्का. अजून तरी.”

दुपारी गलगली पुन्हा आले. गिरणीसमोर उभं राहून त्यांनी फळीचा फोटो काढला. प्रशांतला काहीही न विचारता ते निघून गेले.

गुरुवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी वेबसाइटच्या निरोपपेटीत एक मजकूर आला. लीलाबाईंनी तो सायलीला फोनवर वाचून दाखवला.

“‘मुख्य लाइनची दुरुस्ती. दुसऱ्या क्रॉसला शुक्रवारी पाणी नाही, शनिवारी सकाळी सात ते नऊ. तीन मिनिटं झाली. ठेवतो.’”

“ठेवतो?”

“ठेवतो.”

“संतोषचा असेल.”

“तो आत्ता इथंच होता. त्याला दुरुस्तीचं काही ठाऊक नाही, ते इंजिनियर ठरवतात. उद्या साडेसहा म्हणून सांगून गेला. कुठून आलाय, बघ.”

पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. लीलाबाईंनी हेडफोन कानावर नीट बसवला.

“आइसलंड,” सायली म्हणाली. “त्याच्या मागं काही दिसत नाही. मावशी, टाकायचं का हे? खोटं निघालं तर उद्या लोकांचं पाणी हुकेल.”

“पुढच्या एक्स्चेंजनं दिलं की पोचवायचं,” लीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मजकूर टाकला. शेवटचा शब्द बदलून ‘ठेवते’ केला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजेपर्यंत दुसऱ्या क्रॉसमध्ये नळ आलेला नव्हता.