डाव्या बाहीचं अपडेट

ही गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा घरात प्रत्येकजण काही ना काही करत होता. मुलगी रडत होती, मी चपला शोधत होतो आणि जावई हिच्या कॉम्प्युटरवर अपडेट करत होते.

"नुसतं बसवेना, बाबा," ते म्हणाले. "केवढं जुनं होतं सगळं! एकदम नवं करून टाकलं."

दुःखाला वाट हवी असते, मान्य. पण ती हिच्या टेबलावरूनच जायला हवी होती असं नाही.

ही मशीनवर स्वेटर विणायची. मशीनला टाके सांगणारा प्रोग्राम हिनेच लिहिला होता. माझा राखाडी स्वेटर अर्धवट राहिला होता. पाठ, पुढचा भाग आणि उजवी बाही विणून, जोडून तयार. डावी बाही बाकी, आणि तिचं माप त्या प्रोग्राममध्ये. मला स्वेटर हिच्याच हिशेबाने पुरा झालेला हवा होता. दुकानातली बाही लावून नको होता.

थंडी पडायला लागली तसं मी मशीन लावा म्हटलं. प्रोग्राम उघडेना. पडद्यावर एकच ओळ आली: अमुक लायब्ररीची पाचवी आवृत्ती सापडत नाही.

"लायब्ररी म्हणजे पुस्तकांची?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. बरेच प्रोग्राम मिळून वापरतात असं सामाईक सामान," मुलगी म्हणाली. "आईचा प्रोग्राम पाच नंबरचं मागतोय. याने अपडेट केलं, त्यात पाच गेलं आणि सहा आलं."

"मग चांगलंच की," जावई म्हणाले. "एकाने जास्तच दिलं."

तोडगाही त्यांनीच काढला. सहाच्या फाइलकडे नेणारी एक लिंक केली आणि तिला पाचचं नाव दिलं. प्रोग्राम भोळा, त्याने नाव वाचलं आणि उघडला. मशीन खडखडायला लागलं. जावयांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मेंढीही त्यांनीच भादरली होती.

बाही उतरली. लांबी कोपरापर्यंत, रुंदी माझी मांडी मावेल एवढी.

"जरा सैल आहे," जावई म्हणाले.

"कुणाला? हत्तीला?"

मुलीने खुर्ची ओढली. नव्या आवृत्तीत मापांच्या जागा बदलल्या होत्या. प्रोग्राम जुन्या सवयीने लांबी घ्यायला गेला आणि त्याच्या हाती रुंदी लागली.

"अरे, नाव बदललं म्हणून आतलं बदलतं का?" ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या तुला आई म्हटलं, तर विणायला बसशील?"

जावई चहा टाकायला उठले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मुलीने ती खोटी लिंक काढून टाकली. अपडेटनंतरही जुन्या आवृत्त्यांची पॅकेजेस कॉम्प्युटरमध्ये साठून राहतात. हिने तो साठा कधीच साफ केला नव्हता. रिकाम्या बरण्यांवरून मी हिला आयुष्यभर बोललो, पण ही सवय कामाला आली. पाच तिथेच पडून होतं. मुलीने ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि फक्त आईच्या प्रोग्रामला तिथे बघायला सांगितलं. बाकीचे सहावर खूश होते, त्यांना हात लावला नाही.

तोवर मी हत्तीची बाही उसवली. लोकर वाफेवर धरून सरळ केली, गुंडा केला. त्याच लोकरीची बाही पुन्हा विणली. उजवीवर ठेवून पाहिली, टाक्याला टाका जुळला.

"बघा, झालं ना शेवटी!" जावई म्हणाले. "आता एक छोटंसं अपडेट..."

मुलीने कीबोर्ड उचलून कपाटात ठेवला.

मशीन सुटे भाग विणतं. ते जोडायचं काम ही हाताने करायची, खिडकीशी बसून, जाड बोथट सुईने, माझ्याशी भांडत. त्याचा प्रोग्राम हिने लिहिला नाही. मुलीला ते येत नाही, मलाही येत नाही. जावई म्हणतात, व्हिडिओ बघून जमेल. सुई मी लपवून ठेवली आहे.

डावी बाही अजून जोडायची आहे.