सासूबाईंना दिलेला शब्द

"आधी ओळख द्यायची, मग कुलपाला हात लावायचा. ती तिची खोली आहे, आपण पाहुणे."

वस्तादांचा आवाज आज सकाळपासून तिच्या कानात होता. प्राणिसंग्रहालयात नोकरी लागली तेव्हा वाघाला ओळख द्यायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. वाघ खुशीत असला की नाकातून फुर्र फुर्र श्वास सोडतो. आपणही जाळीशी तोंड नेऊन तसंच करायचं. म्हाताऱ्या वाघिणीशी तिचा हा नमस्कार वर्षानुवर्षं चालत आला होता. वाघीण भारी मानी, समोर आलेल्या जेवणाला हमखास नाक मुरडणारी, म्हणून सगळे तिला सासूबाई म्हणत.

आणि आता सासूबाई खोकत होत्या.

"ताई, तपासणीचा निकाल आला," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर जपून बोलत होत्या. "तुम्हाला झालाय तोच. कोरोना."

अंथरुणावर ती उठून बसली. "माझ्याकडूनच ना? ताप यायच्या आदल्या दिवशी घसा खवखवत होता. म्हटलं, थंड पाण्यानं असेल. आणि गेले, रोजच्यासारखं फुर्र करून आले."

"तसंच दिसतंय. हा विषाणू मुळात वटवाघळांतला असावा म्हणतात. मधे आणखी कुठलं जनावर होतं का, ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. पण माणसाकडून वाघ-सिंहांना होतो, हे दिसून आलंय. स्वतःला बोल लावू नका. खोकला साधा आहे. काळजी एकच, ती खात नाहीये. म्हातारं शरीर, ताकद टिकायला हवी."

फोन ठेवल्यावर तिने डोळे मिटले, हात जोडले. देवापाशी मागायचं तर आपलंही काहीतरी सोडायला हवं.

दारावर टकटक झाली. पलीकडून नणंद म्हणाली, "वहिनी, चहा ठेवलाय. गार व्हायच्या आत घे."

"नको गं. सासूबाई जेवेपर्यंत चहा सोडलाय मी."

बाहेरून लगेच आवाज आला, "अगं बाई! माझ्या आईसाठी कधी घोटभर पाणी सोडलं नाहीस!"

"तुझ्या आईनं कधी जेवायला नाही म्हटलं?"

नणंदेला हसू आवरेना. "सगळं जग वटवाघळांच्या नावानं खडे फोडतंय आणि आमच्या वहिनीनं वाघालाच आजारी पाडलं!"

"हसू नकोस गं."

"मग काय रडू? चहा नसला की डोकं धरून बसतेस. निस्तरायचं मलाच."

दुसऱ्या दिवशी वाघिणीच्या जेवणाच्या वेळी फोन आला. पडद्यावर पिंजरा, तोंडही न लावलेला मांसाचा तुकडा आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासूबाई. मास्क आणि हातमोजे घातलेल्या डॉक्टरीणबाई लांबूनच फोन धरून उभ्या होत्या.

"ताई, फोनवरून करून बघा बरं."

तिने ओठ मिटले, फुर्र केलं आणि तिला खोकल्याची उबळच आली.

"वहिनी," दाराबाहेरून आवाज आला, "वाघीण नक्की कोणती?"

तिने पुन्हा केलं. आता वाघिणीचे कान हलले. ती उठली, जाळीपाशी आली. फोनकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या मागे कुणी उभं आहे का, ते मान वाकडी करून शोधलं. मग हलकेच उत्तर दिलं. फुर्र.

"बरी झाले की समोर येऊन करीन," ती फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली. "शब्द देते. आता दोन घास खा."

सासूबाईंनी पाठ फिरवली. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात हाड फुटल्याचा कडाड आवाज आला.

"चहा टाकू?" दाराबाहेरून विचारणा झाली.

"टाक! साखर जास्त!"

पुढे दोघीही बऱ्या झाल्या. ती कामावर परतली, तेव्हा जाळीपासून बऱ्याच अंतरावर जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती.

"यापुढे मास्क लावायचा आणि रेघेच्या अलीकडे राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाळीशी तोंड न्यायचं नाही. कधीच नाही, ताई."

तिने मान हलवली. आणखी एकदा सासूबाईंचा जीव धोक्यात घालणं तिलाही नको होतं.

वाघिणीने तिला पाहिलं. धावतच आली, जाळीला नाक लावून फुर्र केलं आणि थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली. ती रेघेमागे हाताची घडी घालून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "डॉक्टर, हिच्या मोकळ्या अंगणापुढे खंदक आहे. पलीकडच्या कठड्याशी लोक उभे राहतात. तिथून केलं तर?"

"इतक्या लांबून, उघड्यावर, मास्क लावून? चालेल की. पण तिला ऐकू येणार नाही हो."

"नाही आलं तरी चालेल. मी शब्द दिलाय."

तिने दुरूनच साखळी ओढून अंगणाचं दार उघडलं. सासूबाई डौलात उन्हात गेल्या. तिने हात स्वच्छ धुतले, मास्क नीट बसवला आणि बघ्यांच्या लांबच्या वाटेने ती खंदकापलीकडच्या कठड्याकडे निघाली.