एकतिसावा धागा

माझा आवाज मोठा आहे, हे मला मान्य आहे. कबनूरमधल्या ज्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग खडखडतात, त्या घरातलं माणूस कुजबुजायला शिकत नाही. आम्ही ताटावर बसून मीठसुद्धा ओरडून मागायचो. पण या आवाजापायी माझ्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट निसटणार होती, म्हणून कबुली आधीच देऊन टाकते.

मी कोल्हापुरात संशोधन करते. काम सांगायला सोपं आहे: तुटलेलं लिगामेंट परत बांधायचं. मी खोली घेऊन राहते शिवाजी पेठेत, आणि तिथं फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत गुडघा धरून कट्ट्यावर बसलेला एक तरी असतोच. लिगामेंट म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा; तो एकदा तुटला की आपणहून जुळत नाही. त्याच्या जागी बसवायला आम्ही रेशमाची बोटभर रुंद पट्टी विणून घेतो आणि तिच्यावर जिवंत पेशी वाढवतो. पट्टीचा मधला भाग मऊ, लवचिक राहायला हवा. टोकाला मात्र पेशींनी हाडासारखं कडक व्हायला हवं, म्हणजे ती हाडात रुजेल. मधला भाग आम्हाला जमला होता. टोकानं तीन वर्षं आमचा जीव खाल्ला होता. त्या टोकाला काय काय चोपडून पाहिलं, त्याची यादी दिली तर तुम्ही झोपाल.

पट्ट्या विणायचे माझे वडील, धोंडीराम. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. तीस वर्षं त्यांनी वहिफणीचं काम केलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की त्यांच्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा बोटांनी पिळून जोडायचा, ते काम. दोन-दोन हजार धागे जोडून माणूस उठतो तेव्हा त्याची पाठ त्याच्या मालकीची राहिलेली नसते. बाहेरून विणून आणलेल्या पट्ट्या दोनदा फसल्या, तेव्हा मीच माझ्या मार्गदर्शक क्रांती मॅडमना म्हटलं, माझे वडील विणतील. आप्पांनी भंगारातून मागाचे सुटे भाग आणले आणि ओसरीवर हातानं चालवायचा छोटासा माग उभा केला. अठ्ठेचाळीस धाग्यांचा ताणा. त्या मागाकडे ते नातवाकडे बघावं तसं बघायचे.

आणि मी काय केलं? नियम लावले. कागदावर लिहून तो कागद भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवला. तिथला नियम आप्पा मोडणार नाहीत, हा माझा हिशेब. हात साबणानं धुवायचे. तंबाखू खायची नाही. पट्टीत जोड येऊ द्यायचा नाही. धाग्याला राख लावायची नाही. वहिफणीवाले बोटं राखेत बुडवून धागा पिळतात, म्हणजे तो घसरत नाही. पण माझ्या पेशींना राख म्हणजे घाण. “कळलं का?” मी तीनदा विचारलं.

“कळलं की,” आप्पा म्हणाले. “बहिरा हाय व्हय मी?”

एका गुरुवारी सहा पट्ट्यांची एकवीस दिवसांची वाढ पुरी झाली. शेवटची चाचणी रंगाची असते. पेशी हाड बनवायला लागल्या की तिथं चुना साठतो, आणि चुना असेल तिथंच तो लाल रंग बसतो. पहिली पट्टी पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी पांढरी, आणि मी जांभई देत चौथी उचलली.

तिच्या एका टोकाला लाल ठिपक्यांची ओळ होती. सरळ, आडवी, माळेत ओवल्यासारखी. बाकी सगळी पट्टी स्वच्छ पांढरी. मी भिंगाखाली धरून ठिपके मोजले. अठ्ठेचाळीस. माझा विश्वास बसेना, म्हणून उलट्या बाजूनं मोजले. अठ्ठेचाळीसच. ताण्यात धागे अठ्ठेचाळीस, टोकाला ठिपके अठ्ठेचाळीस. मी अशी किंचाळले की शेजारच्या टेबलावरच्या मोनानं हातातली बाटली सोडली. पाचवी आणि सहावी पट्टी पांढरीच निघाली, पण मला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. मी ती पट्टी सगळ्यांना दाखवत फिरायला लागले, म्हणून मोनानं ती माझ्याकडून काढून घेतली.

क्रांती मॅडमनी स्वतः ती तीनदा धुतली. लाल रंग हलला नाही. मग त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

“काय वेगळं केलंस हिला?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग शोध. एका पट्टीवर मी नाचणार नाही. आजपासून सत्तावीस दिवसांनी हाडांचे डॉक्टर येतायत. पुढच्या दोन वर्षांचं काम त्या बैठकीत ठरेल. तोवर अशीच दुसरी पट्टी दाखवलीस तर हाच रस्ता. नाही जमलं तर हा विषय मी तिथं काढणारच नाही.”

पेशी वाढायला एकवीस दिवस, विणायला एक, धुवायला एक. म्हणजे सोमवारपर्यंत मला कळायला हवं होतं की चौथ्या पट्टीचं गुपित काय. मी बाहेर पळाले आणि आप्पांना फोन लावला. तिकडे मागांचा खडखडाट. मी आनंदानं वेडी झालेली, त्यात तो आवाज, म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “आप्पा, चार नंबरच्या पट्टीला तुम्ही काय केलंत?”



“काय केलं म्हंजे? काय न्हाय.”

“राख लावलीत का?”

“न्हाय.”

“जोड आलाय का तिच्यात?”

“न्हाय म्हणतोय की.”

मी फोटो पाठवला. त्यांनी तो पाहिला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. कबनूरमध्ये आप्पांचा शब्द म्हणजे काम झालं असं धरतात, मग मी मुलगी असून का धरणार नाही?

पुढचे तीन दिवस मी प्रयोगशाळा पिंजून काढली. पाणी तपासलं, बाटल्या तपासल्या, चौथी पट्टी कपाटात कुठल्या कोपऱ्यात होती ते तपासलं. मोनाला विचारलं, तू त्या दिवशी काय खाल्लं होतंस. तिनं दोन तास माझ्याशी बोलणं बंद केलं. रागही येत होता आणि आतून उकळ्याही फुटत होत्या. उत्तर याच चार भिंतींत कुठंतरी आहे आणि मला दिसत नाहीये, या विचारानं मी ताटावरून उठून परत प्रयोगशाळेत जात होते.

रविवारी आईचा फोन आला.

“तू ह्यास्नी काय बोललीस?”

“काही नाही. नुसतं विचारलं.”

“तुझं नुसतं इचारणं म्हाईत हाय मला. तीन दिस झालं, माणूस अर्ध्या भाकरीवर उठतंय. मागाला हात लावला न्हाय.”

मी म्हटलं, नंतर बोलते, आता डोकं जागेवर नाही. इतकी मी शहाणी.

सोमवारी सकाळी दहाला क्रांती मॅडमच्या खोलीत आमचं बोलणं चाललं होतं. बोलणं कसलं, मी हरले असं सांगत होते. दार वाजलं. दारात आप्पा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. माझ्या लग्नाचं ठरवायला आल्यासारखे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मॅडमच्या टेबलासमोर जाऊन ते ताठ उभे राहिले.

आमच्याकडे कापडात दोष निघाला तर विणकराला बोलावणं येतं. व्यापाऱ्याच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं, दोष आपल्या डोळ्यांनी बघायचा आणि माझा आहे म्हणायचं. मागावर ढकलायचं नाही. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून उभे राहायला आले होते, कबनूरहून, दोन गाड्या बदलून.

“मॅडम, ती लाल डागांची पट्टी माझ्यामुळं बिघडली,” ते म्हणाले. “तीन पट्ट्या झाल्या आनि ताणा सरला. नवा जोडाय घेतला. रेशीम गुळगुळीत, हाताला घाम, पीळ बसंना. मग राख लावली. जोडाचा तुकडा कापून टाकायचा हुता, पण पट्टी बोटभर तोकडी पडत हुती. म्हटलं, एवढ्यानं काय हुतंय. वर पोरीला खोटं बोललो. तिची काय चूक न्हाय. तिला काढू नगासा.”

आणि पिशवीतून त्यांनी आईचा जुना पावडरचा डबा काढून टेबलावर ठेवला. “ही राख. घरच्या चुलीची. शेणीची हाय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे. अठ्ठेचाळीस धागे. अठ्ठेचाळीस पीळ. प्रत्येक पिळात अडकलेली चिमूटभर राख, धुऊनही न गेलेली. मी डबा उचलला आणि छातीशी धरला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, आता ही ओरडणार.

“आप्पा,” मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. “बिघडली नाही. तीन वर्षं मी हेच शोधतेय. ते डाग नाहीत, ते हाड आहे.”

त्यांनी एक डोळा उघडला. “म्हंजे बिघडली न्हाय?”

“नाही.”

“मग तीन दिस मला उपाशी का ठिवलंस?” आप्पा म्हणाले, आणि धपकन खुर्चीत बसले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, “धोंडीरामभाऊ, तीच चूक परत कराल?”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. अठ्ठेचाळीस वेळा.”

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. कापडात जोड येऊ देणं जन्मभर टाळलं, तेच आता मुद्दाम करायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी पट्टी विणून आली, टोकाला जोड असलेली. ते एकवीस दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी मी त्या पट्टीला बघायला जायची आणि मोना मला बाहेर काढायची.

बैठकीच्या दिवशी मॅडमनी आप्पांनाही बोलावलं. डॉक्टर अकराला यायचे होते. दहा वाजता मी रंग घातला, धुतला, पट्टी भिंगाखाली धरली. लाल ओळ. सरळ, आडवी. मोजायला लागले, शेवटी पोचले आणि परत पहिल्यापासून मोजले.

“किती?” मागून आप्पांनी विचारलं.

“सत्तेचाळीस.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डॉक्टर पहिल्यांदा त्या मोकळ्या जागेवरच बोट ठेवणार होते. राखेनं जमलं तर सगळीकडे का नाही जमलं, म्हणणार होते.

“डावीकडनं एकतिसावा न्हाय न्हवं?”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग परत भिंगात डोळा घातला आणि मोजलं. एकोणतीस, तीस. मग मोकळी जागा. मग पुढचे सतरा.

“त्या एका धाग्याला राख लावली न्हवती,” आप्पा म्हणाले. “बोटं साबणानं धुतली आनि तसाच पिळला. अर्धा तास गेला त्या एकट्याला. बाकीचे सत्तेचाळीस राखेचे.”

क्रांती मॅडम हळूच पुढे आल्या. “हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय.” आप्पांनी टोपी हातात घेतली. “मी एकदा पोरीशी खोटं बोललो, मॅडम. आता मी म्हणणार की राखेनंच झालं, तर माझ्या शब्दावर डाक्टरांनी इश्वास का ठिवावा? म्हणून पट्टीतच पुरावा ठिवला.”

तीन वर्षं शिकून, पाच यंत्रं वापरून हा एक धागा सोडायचं मला सुचलं नव्हतं. मला काहीतरी म्हणायचं होतं, खूप काही म्हणायचं होतं, पण मी नुसती ती पट्टी धरून उभी राहिले. बाहेर डॉक्टरांच्या गाड्यांची दारं वाजली.

आप्पा माझ्याकडे बघत होते. “आता गप का?” ते म्हणाले. “वरड की.”