खोपटातला संडास

सगळे त्यांना काकू म्हणतात, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काका जाऊन पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून काकूंना काही म्हणजे काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं. कुणी विनोद केला तर हसायची जागा कळायची, पण हसू यायचं नाही. जीभ भाजली की दोन दिवस कशालाच चव लागत नाही, तसं चाललं होतं. फक्त दोन दिवसांचे पाच महिने झाले होते.

काका सुतार होते. उभं आयुष्य लोकांची दारं आणि कपाटं करण्यात घालवल्यावर त्यांनी टेकडीवर स्वतःसाठी एक लाकडी खोपट बांधलं. दहा बाय बारा. कुठेही खिळ्याचं डोकं दिसणार नाही असं काम. कोपऱ्यात संडासासाठी तीन बाय चारची जागा सोडली, तिला दार केलं, कडी बसवली, आणि आत मात्र काहीच केलं नाही. काकूंनी विचारलं की म्हणायचे, "एवढी मोठी टेकडी पडली आहे की!" पुढे काकांचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि संडास हा विषय चार वर्षं गावातल्या घरातच, पलंगाशेजारी मुक्कामाला आला.

ती चार वर्षं काकूंनी एकटीने काढली. रोज सकाळी सहाला लघवीचं भांडं उचलायचं, किती झाली ते बघायचं, वहीत लिहायचं, मग ओतून धुवायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रात्रभरात तीनशेच्या खाली गेली तर लगेच फोन करा." पहिले दोन महिने काकू मापाचा ग्लास वापरत. नंतर हातालाच कळायला लागलं. भांडं उचलून मनगट जरा कलतं केलं की आकडा तोंडात यायचा, आणि दहा-वीसच्या पलीकडे तो कधी चुकला नाही. काकांचं बोलणंही गेलं होतं, मोजके चार-पाच शब्द काय ते उरले होते. त्यातले दोन रोज सहाला लागायचे.

"किती?"

"चारशे."

"पास," काका अर्ध्या तोंडाने म्हणायचे. तोंडाचा तो अर्धा भाग हसायचाही.

काका गेले त्याच संध्याकाळी काकूंनी भांडं, हातमोजे, मेणकापड, सगळं पिशवीत कोंबलं आणि कचऱ्यात टाकून दिलं. कानाला खडा लावला. यापुढे कुणाची घाण हातात धरायची नाही.

आता काकूंना खोपटात राहायला जायचं होतं. जायचं होतं म्हणजे काय, तशी काही हौस नव्हती. पण भाड्याचं घर महिनाअखेरीस सोडायचं होतं, आणि दुसरी जागा होती मुलाच्या घरातला सोफा. तिथे सून चांगली, नातवंडं गोड, आणि सगळे दर तासाला विचारणार, "बरं वाटतंय ना?" याला रोज काय उत्तर द्यायचं, या विचारानेच काकूंना दमायला व्हायचं. मुलाने मात्र फोनवर सरळ सांगितलं होतं, "आई, खोपटात संडास झाला तर तू खुशाल तिकडे राहा. महिनाअखेरपर्यंत नाही झाला तर मी गाडी घेऊन येतो आणि सामानासकट तुला उचलतो."

काकूंनी गवंड्याला गाठलं. त्यांना साधा, सगळ्यांच्या घरी असतो तसा संडास हवा होता. बटण दाबलं की विषय संपला. गवंडी टेकडीवर जाऊन आला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"काकू, हात-दीड हात माती आहे, खाली नुसता खडक. पहार मारली तर ठिणग्या उडतात. टाकी घालायची कुठे? आणि उताराला खाली लोकांची विहीर आहे. सगळं तिकडेच जायचं."

"मग?"

"मग दुसरं काहीतरी बघा. पण आज संध्याकाळपर्यंत सांगा. उद्या मी जमीन करतो, परवा दुसऱ्या कामावर चाललो."

घोडं अडलं ते असं. म्हणून शनिवारी दुपारी काकू टाकीशेठच्या दुकानात उभ्या होत्या. टाक्या विकून विकून शेठ स्वतःही टाकीसारखेच झाले होते, आणि बोलायला लागले की तोटी बंद व्हायची नाही.

"हा बघा काकू, जाळणारा! आत गेलं की भट्टी, आठवड्याला वाटीभर राख. वास नाही, पाणी नाही."

"वीज किती लागते?"

"ती मात्र लागते."

"माझ्याकडे छपरावर एक सोलरची पाटी आहे. त्यावर दोन दिवे लागतात आणि रेडिओ."

"मग राहू द्या. दिवे आधी." शेठ पुढे सरकले. "हा औषधाचा. खाली पेटी असते, तिच्यात निळं औषध. पेटी भरली की चाकं लावून ओढत न्यायची आणि नगरपालिकेच्या जागेवर रिकामी करायची."

"ती जागा कुठे आहे?"

"बसस्टँडच्या मागे."

म्हणजे टेकडीपासून चार किलोमीटर. भर बाजारातून आपली पेटी ओढत चाललोय आणि ओळखीचे लोक विचारतायत, "काय काकू, प्रवासाला का?" हे चित्र काकूंना स्पष्ट दिसलं. पूर्वीच्या काकू असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

"आणि तो?" त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं.

"तो कोरडा. पण तो तुम्हाला नाही चालायचा." शेठनी आवाज खाली आणला. "त्यात हाताने काम आहे. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. मागे बादली, तिच्यात दर वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. भरली की झाकणाच्या पिंपात ओतून वर्षभर कुजू द्यायची, खत होतं. पुढच्याला डबा. तो रोज सकाळी काढून, पाणी घालून झाडांना. खडक असो, विहीर असो, कशाला त्रास नाही. पण भुसा कुठून आणणार रोज?"

"भुसा आहे," काकू म्हणाल्या.

खोपटाच्या खाली, फळ्यांच्या आडोशाला, तीन पोती भुसा होता. काकांनी रंधा आणि करवत चालवून पाडलेला. "लागेल कशाला तरी," असं म्हणून त्यांनी तो ठेवला होता, आणि काकू त्यावरून भांडल्या होत्या.

"तरी नको," त्या म्हणाल्या. "रोज डबा उचलायचा, ते नको."

"बरोबर आहे. पण बघून तर ठेवा, बघायला काय जातंय?" विकणारा माणूस तो, गप्प कसा बसेल? त्यांनी आपल्या पिण्याच्या जगमधलं पाणी पुढच्या भागात ओतलं. खाली पांढऱ्या डब्यात ते पडल्याचा आवाज आला. "घ्या, उचलून बघा. जड आहे का सांगा."

काकू गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. डबा बाहेर ओढला. डावा हात बुडाखाली गेला आणि मनगट आपोआप जरा कलतं झालं.

"साडेतीनशे," त्या म्हणाल्या.

"काय साडेतीनशे?"

"मिली."

शेठ हसले. "असं नुसतं उचलून? थांबा, बघूच." औषधाच्या फळीवरून त्यांनी मापाचा काचेचा ग्लास आणला आणि डबा त्यात रिकामा केला. पाणी बरोबर साडेतीनशेच्या रेघेवर जाऊन थांबलं. "मानलं बुवा! काकू, तुम्ही माझ्या दुकानात कामाला या!"

काकू ग्लासाकडे बघत राहिल्या. शेवटच्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी भांडं उचललं तेव्हा ते जवळजवळ रिकामं होतं. साठ. मनगटाला लगेच कळलं होतं. काकांनी विचारलं, "किती?" आणि काकू म्हणाल्या, "साडेतीनशे." चार वर्षांत तेवढं एकदाच त्या खोटं बोलल्या. "पास," काका म्हणाले आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मग काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, पण दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. वहीत त्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही.

त्यांनी शेठच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि तिथेच खाली बसल्या. काकांची आठवण आली. धडधाकट, रंधा चालवणाऱ्या काकांची नाही, तर त्या चार वर्षांतल्या काकांची, सहाला "किती?" विचारणाऱ्या. जिला घाण म्हणून फेकून दिलं, ती सकाळच हवी होती, हे कळून त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि बरंही वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं.

"काकू, पाणी देऊ?" शेठनी विचारलं. त्यांचा विनोद आटला होता.

"नको. हाच द्या."

संध्याकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा काकूंनी त्याला कोरड्या संडासाचं सांगितलं. "आई, परत असलं काही काढायचं नाही म्हणाली होतीस ना?"

"कुणाचं कुठे काढतेय? माझंच आहे."

"म्हणजे परत तेच सगळं."

"हो," काकू म्हणाल्या. "तेच."

गवंड्याने जमीन करून दिली. संडास त्या तीन बाय चारमध्ये असा बसला, की जणू त्याचंच माप घेऊन काकांनी जागा सोडली होती. बुधवारी काकू राहायला गेल्या आणि गुरुवारी सहाला जाग आली. त्यांनी कडी काढली, वाकून डबा ओढला, उचलला.

"चारशे वीस," त्या मोठ्याने म्हणाल्या.

काकू डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आणि अहो, त्या दिवशी साठ होते," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले."

मग डोळे आणि नाक एकदमच वाहायला लागलं. दोन्ही हात डब्यात गुंतलेले, त्यामुळे पुसताही येईना. त्या तशाच बाहेर गेल्या, डब्यात पाणी घातलं आणि सगळं झाडाच्या मुळाशी ओतलं.