भोजलीची हाक

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मंजिरी आणि दुलेश्वरी यांना एकमेकींचं नाव घेताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. कडाकडा भांडतानाही नाही. दोघी एकमेकींना 'भोजली' म्हणायच्या, बस्स. नवा माणूस चक्रावायचा, अरे, दोघींचं एकच नाव कसं? मग मोहल्ल्यातलं कोणीतरी त्याला बसवून समजावून सांगायचं.

गोष्ट अशी. राखीच्या दुसऱ्या दिवशी इकडच्या पोरी टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर तलावात सोडायला नेतात. त्या अंकुरांना म्हणतात भोजली. त्यातले थोडे जिच्या कानामागे खोवले, ती मग मैत्रीण राहत नाही, नातलग होते. सहावीत असताना बुढा तालाबाच्या पायऱ्यांवर दुलेश्वरीनं मंजिरीच्या कानामागे अंकुर खोवले आणि मंजिरीनं तिच्या. मंजिरीच्या आईला, प्रेमलाबाईंना, हा पोरखेळ वाटला. त्या हिंगणघाटच्या, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इथं आलेल्या, त्यांना काय ठाऊक? पण संध्याकाळी दुलेश्वरीची आई नारळ आणि खण घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"बापा, पोट्टीनं न विचारता सोयरीक करून टाकली," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि मग हसतच सुटल्या.

तेव्हापासून एकीच्या आईला दुसरीनं फूलदाई म्हणायचं, सणाला घरचं ताट पाठवायचं, आणि भोजलीचं नाव तोंडातून काढायचं नाही. जी नाव घेईल तिनं नातं तोडलं. एवढा एकच कडक नियम, बाकी सगळा मायेचा कारभार. दुलेश्वरी तर प्रेमलाबाईंच्या ओट्याशी बसून बसून आमचं नागपुरी वळणाचं मराठी इतकं शिकली, की हिंगणघाटहून आलेली आत्याही फसायची.

पुढं राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक बिऱ्हाडं घेऊन आले, घरभाडी चढली, आणि साहेबांची पोरं मंजिरी-दुलेश्वरीच्या कॉलेजात आली. रूपाली आणि पराग त्यातलेच. नावं आपली मराठी, पण दोघं बोलायची ती भोपाळची गुळगुळीत हिंदी. रूपालीजवळ पाठीवर लावायची खरीखुरी ट्रेकिंगची सॅक होती. मंजिरीला रूपाली त्या सॅकसकट आवडायची. आपण तिच्या घोळक्यात असावं, तिनं आपल्याला हाक मारावी, असं तिला फार वाटायचं. आता त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. वाईट पुढं झालं.

थंडीच्या दिवसांत वर्गानं गिधपखना चढायचं ठरवलं. धमतरीच्याही पलीकडं, जंगलातून एकदम वर उठलेला काळा कातळ. पायवाट निम्म्यापर्यंतच, पुढं हातापायांनी चढायचं.

"कायले पाहिजे डोंगर?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "दुरूनच साजरे असतेत ते."

"सगळे जाऊन राहिले, आई."

"भोजली जाऊन राहिली का?"

"हव," मंजिरी म्हणाली. दुलेश्वरीला तिनं अजून विचारलंही नव्हतं.

"भोजली संग असन तर जाय. एकटीले मी नाही पाठवत."

मंजिरी तशीच दुलेश्वरीकडे पळाली. दुलेश्वरीला डोंगराचं काडीचं वेड नव्हतं. तिच्याजवळ बूटही नव्हते. मंजिरीनं आपले जुने कॅनव्हासचे बूट तिच्यापुढं ठेवले. दुलेश्वरीनं कसाबसा पाय आत कोंबला.

"आवळून राहिले, भोजली."

"चालता चालता होतेत सैल. माह्यासाठी ये ना. तू नसली तर आई मले घराबाहेर पाय नाही ठेवू देत."

भोजलीनं मागितलं आणि दुलेश्वरीनं नाही म्हटलं, असं कधी झालंच नव्हतं. ती आली. येताना बेसनाच्या कुरकुरीत ठेठऱ्यांचा मोठा डबा घेऊन आली, सगळ्या वर्गाला पुरेल असा.

बसमध्ये दुलेश्वरीनं सवयीनं हाक मारली, "भोजली, खिडकीत ये." पुढच्या सीटवरून रूपालीनं मान वळवली. "ये भोजली क्या है? नाम है क्या?" तिनं हसून विचारलं. तिच्या हसण्यात खोट नव्हती, साधं कुतूहल होतं. पण घोळक्यातले सगळे बघायला लागले आणि मंजिरीचे कान तापले. कानामागचे अंकुर, तलाव, फूलदाई, हे सगळं तिला एकदम गावंढळ वाटलं.

"कुछ नहीं यार, बचपन का खेल है," ती म्हणाली.

दुलेश्वरी तेव्हा डब्याचं झाकण उघडत होती. तिनं ते परत दाबून लावलं आणि डबा सीटखाली सरकवला. मंजिरीनं ते पाहिलं. पाहिलं आणि रूपालीशी बोलत राहिली.

चढण अवघड निघाली. आधी सालाच्या झाडांचं रान, मग पायाखालून सरकणारी खडी, मग काटेरी झुडपं, धरावं तर हात सोलणार. पराग पुढं वाट काढत होता, त्याच्या मागं रूपाली, आणि तिच्या मागं मंजिरी धापा टाकत. दुलेश्वरी मागं पडत गेली. पायवाट संपली तिथं एका सपाट दगडावर ती बसली आणि तिनं बूट काढले. टाचेची साल निघून मोजा लाल झाला होता.

"भोजली, माह्याच्यानं नाही होत आता. थोडी थांबते का तू?"

वरून रूपालीची हाक आली, "मंजिरी, चल ना! टॉप दिख रहा है!"

मंजिरीला राग आला. बूट आपण दिलेले, आग्रह आपला, खोटं आपण बोललो, आणि राग आला तो दुलेश्वरीचा. पुढं कित्येक दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या रागाची.

"तू बस इथंच. हलू नको. आम्ही आलोच," असं म्हणून ती वळली. पाण्याची बाटली तिच्याच खांद्याला होती. ती काढून द्यावी हेही तिला सुचलं नाही.

वरचा कातळ म्हणजे परीक्षाच होती. एका भेगेत बोटं रुतवून अंग वर ओढायचं होतं. एकदा तर मंजिरीचा पाय सुटलाच आणि परागनं मनगट धरलं म्हणून वाचली. पण चढली. माथ्यावर वारा असा, की ओढणी हातात धरवत नव्हती. खाली सगळं रान पसरलेलं, दूर धरणाचं पाणी चमकणारं. रूपालीनं तिला मिठी मारली, फोटो काढले, बिस्किटं वाटली. कोणीतरी जोक सांगितला. मंजिरी पोट धरून हसली. आणि खरं ते सांगायला पाहिजे, तेवढा वेळ ती दुलेश्वरीला साफ विसरली.

उतरून आले तर दगड रिकामा. त्यावर फक्त ते कॅनव्हासचे बूट नीट जोडीनं ठेवलेले.

खाली दरड होती, रानात अस्वलं आहेत असं बसवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं. सगळे पांगले आणि हाका मारायला लागले. दुलेश्वरी, ओ दुलेश्वरी! मंजिरीनंही तोंड उघडलं. घशात भोजली हाच शब्द होता, दुसरा कोणता असणार? पण रूपाली अगदी हाताच्या अंतरावर उभी होती. बचपन का खेल.

"दुलेश्वरी!" मंजिरी ओरडली.

स्वतःच्या कानावर ते नाव पडलं आणि ती चपापली. तरी तिनं दुसऱ्यांदा तीच हाक मारली. एकदा तोंड विटाळलं की पुढचं सोपं जातं.

दुलेश्वरी लांब नव्हतीच. तहान लागली म्हणून ती अनवाणीच खालच्या झिऱ्याकडे गेली होती, शेवाळावरून घसरली आणि दोन दगडांमध्ये पाय अडकून घोटा मोडला. परागला ती दिसली. ती खडकाला टेकून शांत बसली होती, तोंड पांढरं पडलेलं. पोरांनी ओढण्यांची झोळी करून आळीपाळीनं तिला खाली आणलं. मंजिरी पूर्ण वाट तिचा हात धरून चालत होती. हात दुलेश्वरीनं सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

बसमध्ये मंजिरीनं हळूच विचारलं, "आमच्या हाका नव्हत्या ऐकू आल्या तुले?"

"आल्या ना."

"मंग ओ काहून नाही दिली?"

दुलेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. "सगळ्यांच्या आल्या," ती म्हणाली. "भोजलीची आली का म्हणून वाट पाहून राहिली होती मी."

पाय मोडला तरी माणसाला रुसायचं असलं की तो रुसतो. आणि तिचं रुसणं खोटं होतं असं कोण म्हणेल? मंजिरीला सांगता आलं असतं, चुकलं माझं, लाज वाटली मले तुह्यी. पण पुढं रूपाली बसली होती. ठेठऱ्यांचा डबा जसा गेला तसा भरलेला परत आला.

प्लास्टर घातलं गेलं. प्रेमलाबाई रोज सकाळी डबा घेऊन जायच्या, कधी झुणका, कधी मऊ खिचडी. आल्यावर कौतुक करायच्या.

"पोट्टी म्हणते, मीच म्हटलं तिले वर जाय म्हणून. मीच उठून पाण्याकडे गेली म्हणते. कोणावर बोट नाही दाखवत. अशी भोजली नशिबानं भेटते, मंजिरी."

दुलेश्वरीनं प्रेमलाबाईंजवळ तक्रार केली असती तर बरं झालं असतं, मंजिरीला चार शिव्या खाऊन मोकळं होता आलं असतं. पण तिनं मंजिरीला सगळ्यांसमोर झाकलं होतं, आणि ते पांघरूण मंजिरीला काट्यासारखं टोचत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आई 'भोजली' म्हणाली तरी ती दचकायची.

ती रोज जायची. वर्गातलं लिहून न्यायची, उशी नीट करायची, वेणी घालून द्यायची. दुलेश्वरी बोलायची, हसायचीसुद्धा. फक्त एक गोष्ट मंजिरीच्या लक्षात आली आणि मग तिला दुसरं काही ऐकूच येईना. दुलेश्वरी तिला हाक मारत नव्हती. भोजली नाही, आणि मंजिरीही नाही. 'अवं' नाही, 'ऐक ना' नाही. मंजिरी तिच्याकडे बघेपर्यंत ती थांबायची आणि मग बोलायची. म्हणजे नातं अजून तुटलं नव्हतं, टांगलेलं होतं. मंजिरी या एका धाग्यावर जीव टांगून होती. आपण नीट वागलो, पुरेसं केलं, तर ती एक दिवस म्हणेल.

रविवारी सकाळी रूपाली आणि पराग सफरचंदं घेऊन दुलेश्वरीला बघायला आले. खोली छोटी, फूलदाई, म्हणजे दुलेश्वरीची आई, चुलीजवळ चहा उकळत होती, प्रेमलाबाई आणलेला डबा रिकामा करत होत्या. मंजिरीनं ठरवलं. जिथं चुकलं तिथंच सुधारायचं, याच दोघांसमोर.

"भोजली, पाय वर घे, उशी देते," ती मोठ्यानं म्हणाली. मग रूपालीकडे वळून तिनं सगळं सांगून टाकलं, कानामागचे अंकुर, तलाव, फूलदाई. "हम दोनों भोजली हैं. एक-दूसरे का नाम नहीं लेते. लेना ही नहीं होता." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी छातीवरचा धोंडा हलल्यासारखं वाटलं.

"अरे, कितना अच्छा है ये," रूपाली मनापासून म्हणाली. "उस दिन बताया क्यों नहीं?" आणि तिनं दुलेश्वरीकडे पाहिलं.

दुलेश्वरी हसली. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

"कुछ नहीं, बचपन का खेल है," ती म्हणाली. स्वच्छ, गुळगुळीत हिंदीत. मग मान वळवून म्हणाली, "मंजिरी, इन लोगों को चाय दे दे."

फूलदाईचा चहा गाळणारा हात थांबला. प्रेमलाबाईंनी वर पाहिलं. रूपालीला आणि परागला काही कळलं नाही, त्यांनी ठेठऱ्या खाल्ल्या, तारीफ केली. मंजिरीनं कप दिले.

ते गेल्यावर मंजिरी आणि प्रेमलाबाईही उठल्या. सोयऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून फूलदाईनं त्यात ठेठऱ्या भरून दिल्या, नेहमीसारख्या गच्च. मात्र डबा तिनं प्रेमलाबाईंच्या हातात दिला. मंजिरीकडे तिनं पाहिलं नाही.

गल्लीत आल्यावर प्रेमलाबाईंना राहवेना. त्यांचा आवाज चिडलेला होता.

"इतकं केलं आपण तिचं, अन् सगळ्यांसमोर तोडून मोकळी झाली? काहून घेतलं तिनं तुह्यं नाव? सांग न मले, काहून घेतलं?"

मंजिरी थांबली. आता झाकणारं कोणी उरलं नव्हतं.

"पहिले मी घेतलं, आई," ती म्हणाली.