दर अमावस्येला

बोरदरा ग्रामपंचायतीत सरोजच्या खुर्चीच्या बरोब्बर वर एक प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. घरगुती सेप्टिक टाक्यांच्या नियमित सफाईत गावाचा तालुक्यात पहिला क्रमांक. ते मिळालं त्या दिवशीसुद्धा आपण नेमकं काय केलं हे सरोजला नीटसं कळलं नव्हतं. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला आणि ती एसटी पकडून घरी गेली. बक्षिसाचा विचार करायला अंगात त्राण हवं, आणि तेच तिच्याकडे नव्हतं.

गेली अकरा वर्षं ती या गावची ग्रामसेविका होती आणि अकरा वर्षं दमलेली होती. भोरच्या घरातून सकाळी निघायचं, नसरापूरला एसटी बदलायची, मार्गासनीच्या पुढे फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन किलोमीटर चालायचं. शिवाय आणखी दोन गावांचा कारभार तिच्याच गळ्यात. मधल्या काळात तिच्या पदाचं नाव बदललं, तालुक्याचंही बदललं. पाय मात्र तेच राहिले, आणि तेही आता कुरकुरायला लागले होते.

पण त्या प्रशस्तिपत्राचा एक उपयोग दिसत होता. भोरला अगदी खेटून असलेल्या गावात जागा रिकामी होणार होती आणि सरोजने बदलीचा अर्ज टाकला होता. ‘तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, महिनाभरात ऑर्डर निघेल,’ असं विस्तार अधिकारी मंदार साहेब स्वतः म्हणाले होते. घरापासून चालत दहा मिनिटं. सकाळचा चहा बसून पिता येईल, एवढ्या एका गोष्टीसाठी ती दिवस ढकलत होती.

अशातच एका बुधवारी अंबूबाई ऑफिसात आल्या. खालच्या आळीला एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे धरून पायरी चढल्या आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज टेबलावर ठेवला. ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची गावाची जुनी सवय. खुर्चीवर बाई आली तरी अंबूबाईंनी ती मोडली नव्हती.

“भाऊसाब, खड्डा भरून वर आलाय. कायतरी करा.”

सरोजने कपाटातून सर्वेक्षणाचं रजिस्टर काढलं. घर क्रमांक, मालकाचं नाव, टाकी किती वेळाने साफ करतात. “तुमची टाकी तर दर अमावस्येला साफ होते, असं लिहिलंय इथं.”

“व्हय की. गोरक पानी बंद करतो त्या दिशी. म्या सोता घासती.”

“मग भरली कशी?”

अंबूबाईंनी तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “टाकी कुठं भरलीया? टाकीत पानी असतंय. खड्डा भरलाय म्हंते मी.”

सरोजने रजिस्टरची पानं उलटली. पहिल्या घरापुढे ‘दर अमावस्येला’ असं लिहिलेलं आणि त्याखाली पानोपानी, एकशे शहाऐंशी घरांपुढे, ‘कित्ता’, म्हणजे वरच्यासारखंच. कित्ता, कित्ता, कित्ता. आणि प्रत्येक पानाच्या तळाला तिचीच सही. महिन्याला मैल्याची टाकी उपसणारं गाव पृथ्वीच्या पाठीवर कुठे असेल, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नव्हता, तालुक्यात कुणाला पडला नव्हता. उलट शाल दिली.

तिने चहा मागवला, बिस्किटं पुढे केली. अंबूबाईंनी चहाचे दोन घोट घेतले आणि बिस्किटं बाजूला सारली. “उपास हाय.”

“बुधवारचा?”

“असतोय आमचा,” म्हणत त्या उठल्या.

सर्वेक्षण गोरखने केलं होतं. गोरख पंचायतीचा शिपाई, आणि वीस वर्षं गावचा पाणीवाला. दर अमावस्येला तो पंचायतीची टाकी धुवायचा, त्या दिवशी गावाला पाणी नाही. म्हणून घरोघरीही त्याच दिवशी पिंप, हौद, टाक्या घासल्या जात.

“मॅडम, तुमीच म्हनला, टाकीचं इचारून या,” गोरख म्हणाला. “टाकी म्हंजी टाकी. सौंडासाचा तो खड्डा. खड्ड्याचं इचारा म्हनला असता तर खड्ड्याचं इचारलं असतं.”

त्याचं चुकलं असं म्हणावं तर तो खरंच बोलत होता.

तिने मंदार साहेबांना फोन लावला. मैला उपसणारी गाडी सगळ्या तालुक्यात मिळून एक, ती यादीप्रमाणे फिरायची.

“बोरदरा यादीतच नाही, मॅडम. तुमच्याकडे दरमहा उपसतात.”

“ती नोंद चुकलीय, सर. लोकांनी पाण्याच्या टाकीचं सांगितलं.”

साहेब हळू आवाजात म्हणाले, “मग तसं लेखी द्यावं लागेल. बक्षीस रद्द होईल, तुमच्याकडून खुलासा मागितला जाईल, आणि खुलासा चालू असताना बदली होत नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतो. महिनाभर थांबा. ऑर्डर हातात पडू दे. तुमच्या जागी येणारा लिहील काय लिहायचं ते.”

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. सल्लाही वाईट नव्हता. महिना म्हणजे काय, चार आठवडे. अकरा वर्षं काढली तिथे चार आठवडे सहज निघतील, असं स्वतःला समजावत सरोज फाट्यापर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिची पावलं खालच्या आळीकडे वळली. नुसतं बघून येऊ, असं तिने गोरखला सांगितलं. अंबूबाईंच्या घरामागे शौचालय होतं. दाराला सुतळी बांधलेली, उंबऱ्याशी गोणपाट कोंबलेलं, आणि तरी खालून काळं पाणी झिरपून परसात आलेलं. आळीला खाली कातळ. जमिनीत काही मुरत नाही. बांधतानाच खड्डा चारही बाजूंनी सिमेंटने बंद केलेला, दहा वर्षांत एकदाही उपसलेला नाही. माणूस आत उतरवायला कायद्याने बंदी, आणि बंदी नसती तरी सरोजने कुणाला उतरवलं नसतं.

“मग तुम्ही जाता कुठं?” तिने विचारलं.

“शेजारी गेले दोन येळा. तिसऱ्यांदा त्यांची सून म्हनली, आमचाबी भरत आलाय. रानात जावं तर पुन्यावाल्यांनी बंगलं बांधल्यात, तारा घातल्यात. तुमच्या पंचायतीचा सौंडास वर टेकाडावर. गुडघं चढू देत न्हाईत.” अंबूबाईंनी पदर सावरला. “म्हनून जेवतच न्हाई फारसं. सकाळी अर्धी भाकर. जेवलं की जावं लागतंय न्हवं?”

चुलीवर काही नव्हतं. भाकरीची टोपली पालथी घातलेली होती. सरोजला कालचा तो बुधवारचा उपास आठवला, आणि त्याच्याही आधीचे दोन, ग्रामसभेच्या दिवशीचा आणि झेंडावंदनाचा. तिला रडू आलं नाही, राग आला. कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तो तिने स्वतःवरच काढला. ही बाई पोटाला चिमटा घेऊन बसली होती, आणि आपण सकाळच्या चहाची स्वप्नं पाहत होतो.

ऑफिसात जाऊन तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या. सर्वेक्षणातील टाकीविषयीची माहिती पिण्याच्या पाण्याच्या टाकीची आहे. गावातील एकही सेप्टिक टाकी उपसलेली नाही. न तपासता सही केली, ही चूक माझी. गोरखचं नाव तिने घातलं नाही. सही करताना हात थांबला. थोडा वेळच, पण थांबला. मग तिने शिक्का मारला आणि भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढून कपाटामागे ठेवलं. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला.

पुढचं सगळं साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. खुलासा मागवला गेला. भोरजवळच्या गावात दुसऱ्याची नेमणूक झाली. पण बोरदरा यादीत आलं, आणि बरोबर एकवीस दिवसांनी गाडी आली. दिवसाला तीनच घरं होतील असं ड्रायव्हर कुमारने येताच सांगून टाकलं.

पहिलं घर अंबूबाईंचं. कुमारने पाइप सोडला, मशीन चालू केलं, आणि काहीच वर येईना. दहा वर्षांचा गाळ खाली दगड होऊन बसला होता. “पाणी मारायला लागेल. चांगलं भरपूर.”

गोरखने डोक्याला हात लावला. “आज अमुशा हाय, मॅडम. टाकी धुवायचीया, म्हनून समदं बंद केलंय. आळीतल्या टाक्याबी उलट्या पडल्यात.”

सरोजने परसात झिरपलेल्या काळ्या पाण्याकडे बोट केलं. गोरखने कमरेची किल्ली चाचपली, अंबूबाईंकडे पाहिलं आणि टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीकडे निघाला. वीस वर्षांत पहिल्यांदा अमावस्येला बोरदऱ्याचे नळ सुटले. बायका भांडी घेऊन दारात आल्या, त्यांना वाटलं पंचायतीला वेड लागलं.

तासाभराने खड्डा रिकामा झाला. गाडी पुढच्या घराकडे गेली. अंबूबाई आतून परात घेऊन आल्या, पायरीवर बसल्या आणि भाकरी थापू लागल्या. शेजारी चूल पेटलेली होती. पहिली भाकरी त्यांनी तव्यावरून काढली ती तिथेच, घेवड्याच्या भाजीशी, बसल्याबसल्या खाल्ली. मग दुसरी. मग म्हणाल्या, “भाऊसाब, तुमी जेवलाय का?”

सरोज जेवली नव्हती. दुपारची एसटी निघून गेली होती. ती पायरीवर बसली.

गोरख नवं रजिस्टर घेऊन शेजारी टेकला. या खेपेला वर ठळक लिहिलं होतं, ‘संडासाचा खड्डा’. त्याने पेनाचं टोपण काढलं. “मॅडम, अंबूबाईंच्या फुडं काय लिवू? खरंच अमावस्याच हाय आज.”

“मग अमावस्या लिहा,” सरोज म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा मोडला. आज गाडी जाणार होती ती पुढची दोन घरं सोडली तर अख्खं पान, आणि त्यामागची सगळी पानं अजून रिकामीच राहणार होती. “आणि गोरखभाऊ, त्याच्या खाली कित्ता लिहू नका.”